जबर ठोसा बसल्यावर: पहिल्या दोन सेकंदांपासून पुढच्या तीस दिवसांपर्यंत

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. शेडच्या पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की घंटा ऐकू येईना, म्हणून राउंड संपला की मी टॉवेल हलवून सांगत होतो. चार वर्षं तालमीत घालवून आमच्याकडं बॉक्सिंगला आलेला एक पोरगा स्पॅरिंग (सरावाची लढत) करत होता. समोरच्याचा डावा हुक (कडेनं वळवून मारलेला ठोसा) त्याला हनुवटीच्या कडेला बसला. आवाज फार झाला नाही. पण त्याचा उजवा पाय टेकता टेकता पुढं घसरला, अंधारात जिन्याची शेवटची पायरी चुकल्यावर घसरतो तसा. दुसऱ्या क्षणाला तो दात दाखवून हसला, दोन्ही हात खाली सोडले आणि ‘ये की’ म्हणून मान हलवली. मी टॉवेल आत फेकला.

“काय न्हाई झालं सर. चालू दे.”

“आज वार कुठला?”

त्यानं विचार केला. वार सांगायला विचार करावा लागतोय म्हटल्यावर मी त्याचे ग्लोव्हज सोडायला घेतले.

हे हसणं मी आपल्या कोल्हापूरच्या पोरांत फार बघतो. गाव कुस्तीचं. दोन्ही खांदे मातीला लागले की कुस्ती संपली, आणि खासबागेच्या कुस्ती मैदानात चीतपट झालेल्याला पुढं वर्षभर चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकून घ्यावं लागतं. त्यामुळं खाली जाणं म्हणजे हार, हे पोरांच्या अंगात भिनलेलं असतं. बॉक्सिंगचा हिशेब वेगळा आहे. इथं गुडघा टेकला तर नियमच तुम्हाला आठ सेकंद देतो. आणि ठोसा खाऊन हसणं म्हणजे समोरच्याला ‘लागला बरं का’ अशी पावती फाडून देणं.

रिंगमध्ये असताना लागलेलं समोरच्यापासून लपवायचं आणि दोरखंडाबाहेर आल्यावर कुणापासूनही लपवायचं नाही. आमची पोरं नेमकं उलटं करतात. खाली जे सांगतोय ते याच दोन भागांत आहे.

त्याआधी एक अट. सावरून पुढं लढण्याच्या सगळ्या युक्त्या फक्त बाउटसाठी, म्हणजे खऱ्या सामन्यासाठी आहेत. स्पॅरिंगमध्ये पाय हलले की स्पॅरिंग बंद. तिथं सावरून दाखवण्यात काही कमवायचं नसतं.

कुठं लागलं, त्यावर सगळं

हनुवटीवर कडेनं ठोसा बसला की डोकं झटक्यात फिरतं. जबडा तरफेसारखं काम करतो. कवटी फिरते, आतला मेंदू किंचित मागं राहतो आणि त्या पिळानं त्याचं काम क्षणभर विस्कटतं. पाय ‘जातात’ ते म्हणूनच, पायांत ताकद नसते असं नाही. कानामागं किंवा कानशिलावर बसलेल्या ठोशानं तोल जातो, रिंग तिरकी वाटते. न दिसलेला ठोसा सगळ्यात वाईट, कारण मान आवळायला वेळच मिळालेला नसतो.

पोटातल्या ठोशाची तऱ्हा निराळी. छातीच्या हाडाच्या खाली मधोमध बसला तर श्वासाचा पडदा आखडतो आणि काही सेकंद हवाच आत जात नाही. उजव्या बरगड्यांच्या खाली, यकृतावर बसला तर आधी काहीच होत नाही. एक-दीड सेकंदानं कळ येते आणि माणूस आपोआप दुमडतो. डोकं लख्ख असतं, अंग ऐकत नाही. २००४ साली लास व्हेगासमध्ये बर्नार्ड हॉपकिन्सनं ऑस्कर डे ला होयाला नवव्या राउंडमध्ये असाच एक डावा मारला. डे ला होया कॅनव्हासवर हात आपटत राहिला, पण मोजणी संपेपर्यंत उठू शकला नाही.

पहिले दोन सेकंद

पहिलं काम, गार्ड बंद. हनुवटी छातीकडं, दोन्ही ग्लोव्हज गालाच्या हाडांना चिकटलेले, कोपरं बरगड्यांवर, दात घट्ट आवळून. तोंड उघडं असताना दुसरा ठोसा बसला तर जबडा जातो. हे इतक्या वेळा घोटलेलं हवं की डोक्याला विचारायची गरज पडू नये, कारण त्या वेळी डोकं जागेवर नसतं.

दुसरं, उलट ठोसा मारू नका. लागल्याबरोबर चिडून फिरवलेला उजवा हात हे नॉकआउटचं सगळ्यात नेहमीचं कारण असेल. तुम्ही उघडे पडता आणि समोरचा त्याचीच वाट बघत असतो.

तिसरं, सरळ मागं पळू नका. सरळ मागं गेलात की चार पावलांत पाठीला दोरखंड लागतात, आणि मागं जाणाऱ्या माणसाचं वजन टाचांवर असतं, छोटा धक्काही पुरतो. एक तर आत शिरा, नाही तर कडेला सरका. मधल्या अंतरावर उभं राहायचं नाही. ठोशाची पूर्ण ताकद तिथंच असते.

क्लिंच: पाय आधी, हात नंतर

आत शिरून समोरच्याला मिठीत धरायचं (यालाच क्लिंच म्हणतात) ठरलं तर आधी पाय टाका. नवखी पोरं लांबून हात पसरून मिठी मारायला जातात आणि मधल्या मोकळ्या जागेतून अपरकट (खालून वर येणारा ठोसा) खातात. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाकत किंवा नुसता दाखवत पुढचा पाय समोरच्याच्या दोन पायांच्या मध्ये घाला, छातीला छाती भिडवा, आणि मग त्याचे दोन्ही हात वरून घेऊन आपल्या काखेत दाबा. काखेत त्याचं कोपर नव्हे, मनगटाच्या वरचा भाग यायला हवा. डोकं त्याच्या खांद्यावर, कपाळ कपाळावर आपटणार नाही असं बाजूला. आता आपलं वजन त्याच्यावर सोडा. तुमचे पाय गेलेत, त्याचे वापरा.

इथं तालमीतल्या पोरांचा हात कुणी धरू शकत नाही. फक्त त्यांना ‘पट काढू नको’ (पाय धरून पाडू नको) हे ओरडून सांगावं लागतं!

हौशी बॉक्सिंगमध्ये धरून ठेवणं हा फाउल आहे. वारंवार केलंत तर ताकीद मिळते आणि गुण जातात. म्हणून एकदाच, दोन खोल श्वासांपुरतं. रेफरी ‘ब्रेक’ म्हणाला की दोघांनाही एक पाऊल मागं जाऊन मगच लढता येतं. ते पाऊल सावकाश टाका, आणखी एक श्वास मिळतो.

क्लिंच जमत नसेल तर कडेनं फिरा, समोरच्याच्या ताकदीच्या हाताच्या उलट्या बाजूला. उजव्या हाताचा बॉक्सर असेल तर त्याच्या डाव्या हाताकडं, पण त्याचा डावा हुक भारी असेल तर हे गणित उलटतं. जॅब चालू ठेवा. हा जॅब मारण्यासाठी नाही, चाचपण्यासाठी. आंधळा काठीनं चाचपतो तसा.

पोटात लागलं असेल तर तोंडावर काही दिसू देऊ नका, उजवं कोपर खाली आणा आणि श्वास आत ओढायची धडपड सोडा. आखडलेला पडदा ओढून सुटत नाही. ओठांच्या फटीतून थोडा थोडा श्वास बाहेर सोडत राहा, गुडघे जरा वाकवा, आत हवा आपोआप येते. यकृताचा ठोसा खरंच लागला असेल तर मात्र उभं राहण्याचा हट्ट नको. त्या अवस्थेत वरचा गार्डही खाली येतो आणि पुढचा ठोसा डोक्यात बसतो. गुडघा टेका.

आठ सेकंद पुरते वापरा

खाली गेलात तर ताडकन उठू नका. दोनला उठलेला पोरगा उरलेले सहा आकडे डुलत काढतो आणि ते रेफरीला दिसतं. आधी एका गुडघ्यावर या, हात दुसऱ्या मांडीवर. कॉर्नरकडं बघा. तिथला माणूस हातानं ‘थांब’ किंवा ‘ऊठ’ सांगेल, कारण गर्दीत आकडे ऐकू येतीलच असं नाही. नाकानं श्वास आत, तोंडानं लांब बाहेर, असे दोन-तीन. सहाला उठायला सुरुवात, सातला दोन्ही पाय खांद्यांइतके रुंद, आठला हात वर आणि नजर रेफरीच्या डोळ्यांत. हौशी बॉक्सिंगमध्ये आठपर्यंतची मोजणी सक्तीचीच आहे. तुम्ही लवकर उठलात म्हणून ती थांबत नाही, आणि आठला तुम्ही तयार दिसला नाहीत तर बाउट संपते. रेफरीनं पुढं चालून यायला सांगितलं तर सरळ रेषेत या. ‘ओके’ म्हणताना ग्लोव्हज खाली सोडू नका.

मोजणी वापरण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण शिकागोचं, १९२७ चं. सातव्या राउंडमध्ये जॅक डेम्प्सीनं जीन टनीला पाडलं, पण स्वतः न्यूट्रल कॉर्नरमध्ये (दोघांपैकी कुणाचाही नसलेल्या कोपऱ्यात) जायला वेळ लावला, त्यामुळं रेफरीची मोजणी उशिरा सुरू झाली. टनी एका हातानं दोरखंड धरून बसून राहिला आणि नऊला उठला. उठल्यावर भिडला नाही, रिंगभर मागं-कडेला फिरत राहिला. पुढच्या राउंडमध्ये त्यानं डेम्प्सीलाच खाली बसवलं आणि बाउट गुणांवर जिंकली. ती लढत व्यावसायिक होती आणि दहा राउंडांची. आपल्याकडं तीन मिनिटांचे तीनच राउंड असतात, सावरायला इतकी ऐसपैस जागा नसते. पण बसून राहण्याची अक्कल तीच.

कॉर्नरमधलं एक मिनिट

हा भाग बॉक्सरपेक्षा कॉर्नरवाल्यानं वाचावा. स्टूल, टीथगार्ड बाहेर, पाय पुढं सैल सोडलेले. पहिली पंधरा सेकंद काहीच बोलायचं नाही, फक्त श्वास. मानेच्या मागं बर्फाची पिशवी, घोटभर पाणी, चूळ भरून टाकायला सांगा. डोळ्याखाली सूज येत असेल तर थंड पट्टी दाबून धरा, चोळू नका. चोळली की सूज पसरते.

मग प्रश्न. ‘बरा हायस न्हवं?’ हा प्रश्न नव्हे, त्याला सगळे ‘व्हय’च म्हणतात. विचारा: आपण कुठल्या हॉलमध्ये आहोत? आत्ता कितवा राउंड झाला? मागची बाउट कुणाशी होती? एकही उत्तर अडखळलं, किंवा प्रश्न ऐकून पोरगा तुमच्याकडं न बघता तुमच्या पलीकडं बघतोय असं वाटलं, तर बाउट सोडायची. मी दोनदा सोडली आहे. एकदा पोराचे वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. उत्तरं ठीक असतील तर एकच सूचना द्या. हादरलेल्या डोक्यात तीन सूचना मावत नाहीत.

अमोनियाची कुपी हुंगवण्याचं खूळ अजून काही जण बाळगून आहेत. त्यानं माणूस दचकतो, मेंदू सावरत नाही. उलट दिसायला हवीत ती लक्षणं झाकली जातात.

रिंगमधून उतरल्यावर

इथं माझीच फजिती सांगतो. विशीत असताना एका निवड चाचणीत दुसऱ्या राउंडला कानामागं एक बसला. बाउट मी गुणांवर जिंकलो, लोकांनी खांद्यावर घेतलं. गाडीला किक मारून घरी निघालो. घर कळंब्याकडं, नदीच्या उलट्या दिशेला, आणि भानावर आलो तेव्हा मी शिवाजी पुलावर पंचगंगेकडं तोंड करून उभा होतो. गाडी चालू, भर दुपारी हेडलाइट लावलेला. इथं कसा आलो ते आजही आठवत नाही. घरी कुणाला बोललो नाही, जिंकलेला माणूस काय सांगणार? आठ दिवस डोकं ठणकत होतं. नवव्या दिवशी स्पॅरिंगला उभा राहिलो, एक साधा जॅब लागला आणि शेडच्या मागं जाऊन ओकलो. त्यानंतर तीन महिने गेले. पुस्तकाचं पान वाचलं की ओळी हलायच्या.

याला कन्कशन म्हणतात, मेंदूला बसलेला हादरा. बेशुद्ध पडलं तरच कन्कशन, हा गैरसमज आहे. बहुतेक वेळा शुद्ध जातच नाही. डोकेदुखी, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा होणं, सगळं धुक्यात असल्यासारखं वाटणं, चिडचिड, झोप बिघडणं ही लक्षणं कधी लगेच येतात, कधी दुसऱ्या दिवशी.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर वाट न बघता १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीनं सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) असो की जवळचं मोठं हॉस्पिटल, तिथं न्यायचं: डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हा पुन्हा उलटी, आकडी, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा, बोलणं जड होणं, गुंगी येऊन जागं करणं अवघड होणं, नाका-कानातून पाण्यासारखा द्रव, मानेत तीव्र दुखणं. मानेत दुखत असेल तर त्याला उठवू-बसवू नका, डोकं-मान आहे तशी धरून मदत येऊ द्या. डोळ्यासमोर काजवे चमकत असतील किंवा कडेनं काळा पडदा सरकल्यासारखा वाटत असेल तर डोळ्यांचे डॉक्टर त्याच दिवशी. दात नेहमीसारखे जुळत नसतील तर जबड्याचा एक्स-रे. पोटात मार लागल्यावर दुखणं वाढत गेलं, खांद्याच्या टोकाला दुखू लागलं किंवा लघवी लाल झाली, तर तेही रात्रीच दाखवायचं.

हॉस्पिटलमध्ये सीटी स्कॅन नॉर्मल आला की घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. त्या स्कॅनचा अर्थ इतकाच की रक्तस्राव किंवा हाड मोडलेलं दिसत नाही. कन्कशन स्कॅनमध्ये दिसत नाही.

पहिले दोन दिवस

एकट्याला ठेवायचं नाही. गाडी चालवायची नाही, माझी गोष्ट आठवा. दारू नाही. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन असलेल्या गोळ्या निदान पहिले चोवीस तास नकोत, रक्तस्रावाचा धोका असतो. डोकं दुखत असेल तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. ‘रात्रभर झोपू देऊ नका’ हे जुनं सांगणं आता सोडून द्या. धोक्याची लक्षणं नसतील आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल तर झोप हवीच, घरातल्या कुणीतरी लक्ष ठेवायचं एवढंच. मोबाइल मात्र या दोन दिवसांत जितका कमी तितका बरा. पोरांना ठोशापेक्षा हेच जास्त लागतं.

आणि एक खास आपल्याकडचं. डोक्यावर तेल घालून रगडणं, आणि कुणीतरी जाणता म्हणवणारा येऊन ‘थांब, मान मोकळी करतो’ म्हणत झटका देणं. मान मोडायची नाही. त्या दिवशी तर नाहीच नाही. मानेला आत काय झालंय हे डोळ्यांना दिसत नाही.

खायला आमटी-भात, पेज, दही-भात. मळमळ असताना तांबड्या रश्श्याची हौस दोन दिवस थांबू शकते. नाकातून रक्त येत असेल तर डोकं मागं टाकू नका, पुढं वाकून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा, आणि नंतर जोरात शिंकरू नका.

परत रिंगकडं

अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहण्याचा सल्ला आता दिला जात नाही. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी हलकं चालणं सुरू करायचं. रंकाळ्यावर सकाळी गर्दी नसताना, गप्पा मारता येतील अशा चालीनं. ते झेपलं तर सायकल किंवा हलकी धाव. मग दोरीच्या उड्या आणि शॅडो (हवेत ठोसे मारण्याचा सराव). मग बॅग आणि पॅड (जोडीदारानं हातात धरलेल्या गाद्यांवर ठोसे). प्रत्येक पायरीवर किमान एक पूर्ण दिवस. लक्षणं वाढली की त्या दिवशी थांबायचं, दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली. पॅडपर्यंत सगळं स्वच्छ गेलं की डॉक्टरांची लेखी परवानगी, आणि मगच डोक्याला ठोसा लागू शकेल असं काहीही. शाळा-कॉलेजची पोरं आधी पूर्ण दिवस वर्गात बसू शकली पाहिजेत, रिंग त्यानंतर.

हे सगळं आठ-दहा दिवसांत झालं तरी, डोक्याच्या मारानं नॉकआउट झालेल्या किंवा त्यामुळं बाउट थांबवलेल्या बॉक्सरला हौशी बॉक्सिंगच्या नियमांप्रमाणं किमान ३० दिवस ना बाउट ना स्पॅरिंग. शुद्ध गेली असेल किंवा थोड्या काळात पुन्हा तसं झालं असेल तर विश्रांती त्याहून बरीच लांबते. काही जण दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन गुपचूप खेळतात. पहिला हादरा भरून आलेला नसताना दुसरा बसला तर मेंदूला झपाट्यानं सूज येऊन जीव जाऊ शकतो, विशेषतः कोवळ्या वयात. हेडगार्ड घातलं म्हणून हे टळत नाही. जखमा आणि चिरा कमी होतात, हादरा फारसा नाही. मोठ्या पुरुष गटातून ते २०१३ पासून काढूनच टाकलं आहे.

आधीच करून ठेवायचं

तालमीतली एक गोष्ट मी जशीच्या तशी उचलली आहे: मान. मल्लाची मान जाड असते ती शोभेसाठी नाही. ठोसा बसल्यावर डोकं कमी फिरावं म्हणून आम्ही आठवड्यातून तीनदा टॉवेलनं मानेचा व्यायाम करतो, जोडीदार चारही दिशांनी ओढतो आणि आपण डोकं जागेवर धरून ठेवायचं, प्रत्येकी दहा सेकंद. तालमीतला मानेचा पूल (डोकं जमिनीला टेकून अंग उचलणं) फक्त त्यांनाच, ज्यांना तो लहानपणापासून येतो. वजन गटासाठी पाणी तोडून आलेला पोरगा लवकर हादरतो, म्हणून शेवटच्या दिवशी दोन किलो उतरवायची मारामारी आमच्याकडं बंद.

आणि दर शनिवारी मोजणीचा सराव. तिसरा राउंड संपायला अर्धं मिनिट असताना मी ‘खाली’ म्हणून ओरडतो. दम लागलेला, घाम डोळ्यांत गेलेला, तरी ज्याच्या नावानं ओरडलो त्यानं गुडघा टेकायचा, कॉर्नरकडं बघायचं, मी मोजतो. नव्या पोरांना हे जमायला महिना लागतो. सगळे तीनलाच उठतात, आणि मी त्यांना परत खाली बसवतो.